पट की ढाक? समोरचा पैलवान वाचून डाव कसा निवडावा

तालमीत रोज दिसणारी चूक सांगतो. पोरगा आखाड्यात उतरण्याआधीच ठरवून येतो की आज पट काढायचा. सलामी झाली की लांबूनच झेप घेतो, डोके खाली, हात पुढे. समोरचा फक्त पाय मागे टाकतो आणि त्याच्या पाठीवर वजन देऊन बसतो. पुढच्या लढतीत तोच पोरगा चिडून ढाक लावायला जातो. कंबर आत जातच नाही आणि तो स्वतःहून पाठ देऊन बसतो. मग म्हणतो, “वस्ताद, माझा पटच चालत नाही.” त्याचा पट चांगला असतो. ज्या क्षणी काढला, त्या क्षणी तो बसणारच नव्हता.

पायावर जायचे की वरच्या अंगावर, हे कोणत्या क्रमाने ठरवायचे ते इथे लिहितो आहे. डाव मुळातून शिकायला वस्तादच लागतो, वाचून डाव येत नाही. पण डाव येत असूनही लढतीत बसत नाही, अशांना हा क्रम उपयोगी पडेल.

शब्द आधी ठरवून घेऊ. ‘पट’ म्हणजे पायावरचा हल्ला: एक पाय धरला तर एकेरी, दोन्ही धरले तर दुहेरी. ‘वरचे डाव’ म्हणजे मान, हात, बगल, छाती यांच्या पकडीवरून पाडणे: ढाक (मान आणि दंड धरून, कंबर आत घालून फेकणे), टांग (पाय अडकवून पाडणे), धोबीपछाड (हात खांद्यावरून ओढून पाठीवरून फेकणे), छातीला मिठी मारून मागे फेकणे. कलाजंग (खांदा पोटाखाली घालून उचलून टाकणे) आणि बगलडूब (बगलेखालून निघून मागे जाणे) मधले आहेत. त्यांची सुरुवात वरच्या पकडीतून होते आणि शेवट खाली वाकून होतो. त्यांच्याकडे नंतर येतो.

## तयारी: लढतीआधीची तीन कामे

१. कुठे लढणार आहात ते पाहा. माती आणि गादी यांत निवड बदलते, आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते.

गावच्या मैदानातली कुस्ती चितपटीवर सुटते. तिथे पट काढून समोरच्याला खाली घेतले तरी निकाल लागत नाही. पुढे घिस्सा (खाली आलेल्याला उलटवण्याचा डाव) किंवा दुसऱ्या एखाद्या डावावर त्याची पाठ लावावीच लागते. ढाक नीट बसली तर तो थेट पाठीवर जातो. म्हणून मातीत वरच्या डावाचे मोल जास्त. शिवाय लढतीआधी एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, त्यामुळे घामट अंगाची निसरड जाते आणि हाताची पकड टिकते. पटाचे उलट होते. गुडघा टेकवून सरकत आत जायचा पट भुसभुशीत मातीत रुततो. मातीत पट काढायचा तर जवळून, पाय जवळजवळ हाताशी आल्यावरच.

गादीवर हिशेब गुणांचा. मागे जाऊन ताबा घेतला की २ गुण. उभ्यातून थेट धोक्याच्या अवस्थेत, म्हणजे पाठ गादीकडे करून टाकले तर ४. मोठ्या उंचीवरून फेकले तर ५. समोरच्याचा पाय रिंगणाबाहेर गेला तर १. फ्रीस्टाइलमध्ये (पाय धरायची मुभा असलेल्या प्रकारात) १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. गादीवर गुडघा सहज सरकतो आणि अंग घामाने निसरडे राहते, म्हणून तिथे पट हेच रोजचे हत्यार. मातीत काही ठिकाणी जांघियाची पकड चालवून घेतात. गादीवर कपडा धरणे सरळ नियमभंग आहे. मातीतून गादीवर आलेल्या पोरांचा हात नकळत कपड्याकडे जातो, तो सरावातच मोडून काढा.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. म्हणजे त्या शेवटच्या लढतीत कोणीतरी एक आपल्या सवयीच्या जागेबाहेर लढत असतो. निवड दोन्हीकडची यायला हवी ती यासाठी.

२. हत्यारे मोजकी ठेवा. एक एकेरी पट, एक दुहेरी पट, एक ढाक किंवा टांग, आणि मागे जाण्याचा एक मार्ग (बगलडूब किंवा हात ओढून मागे जाणे, म्हणजे दस्ती). एवढे चार डाव दोन्ही बाजूंनी बसवा. वीस डाव अर्धवट येणारा पैलवान ऐन वेळी विचारात पडतो, आणि अर्धा सेकंद विचारात गेला की उघडलेली जागा बंद होते.

३. मान, गुडघे, पडणे. पटाला मान आणि गुडघे लागतात, वरच्या डावांना कंबर आणि पाठ. मानेचा व्यायाम आणि ब्रिज (डोके व पाय टेकून अंग कमानीसारखे उचलणे) न करता पट काढायला जाणाऱ्याची मान समोरच्याच्या छातीखाली चिरडते. आणि ज्याला नीट पडता येत नाही, त्याच्यावर फेकीचा सराव करू नका.

> सावधान: पाठीवरून मागे फेकण्याचे डाव जाड गादीवर आणि वस्ताद शेजारी उभे असतानाच. समोरच्याचे दोन्ही हात अडकवून फेकण्याचा सराव करू नका. पडताना त्याला हात टेकता येत नाही आणि सगळे वजन मानेवर येते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मी उंच फेकी शिकवतच नाही. त्यांना पट, बगलडूब आणि दस्ती पुरेशी आहे.

## टप्पा १: अंतर मोजा

समोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न एकच: आपण किती लांब आहोत?

हात लांब करूनही बोटे लागत नसतील, तर कोणताही डाव नाही. इथून काढलेला पट समोरच्याला दोन पावले आधी दिसतो. मनगट किंवा कोपर हाताला लागत असेल, तर ते पटाचे अंतर. छातीला छाती किंवा कपाळाला कपाळ लागले असेल, तर ते वरच्या डावांचे अंतर. इथून पट काढायला वाकलात तर मान आयती त्याच्या बगलेत जाते.

लढतीतल्या सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात, आणि त्या दोनच असतात. लांबून पट, आणि हाताच्या अंतरावरून ढाक. ढाकेला तुमची कंबर त्याच्या कंबरेला लागावी लागते. हात लांब करून मानेत घालायचा आणि तो स्वतःहून जवळ येईल अशी वाट पाहायची, असे होत नाही.

> तपासा: डाव टाकण्याच्या क्षणी तुमचा एक तरी हात समोरच्याच्या अंगावर होता का? नसेल, तर डाव बसला तरी तो नशिबाने बसला असे समजा.

## टप्पा २: खडाखडी करा, हात कामाला लावा

खडाखडीत, म्हणजे डावाआधीच्या हातांच्या झटापटीत, समोरच्याचे वजन कुठे आहे ते तुमच्या हातांना कळते. डोळ्यांना ते उशिरा कळते. नुसते हात भिडवून वेळ काढणाऱ्याला ही माहिती कधीच मिळत नाही.

क्रम असा ठेवा. आधी मनगट धरा. मनगट हाती आले की त्या हाताचा धोका संपला. मग दुसरा हात मानेमागे टाका, तळवा मानेच्या वरच्या भागावर आणि कोपर त्याच्या छातीसमोर खाली. कोपर बाहेर उघडे ठेवलेत तर तुमच्याच बगलेखालून तो निघून जाईल. मग मान एकदा खाली खेचा आणि सोडा. एकदा पुढे ढकला आणि थांबा. या दोन्हींवर तो काय करतो त्यात तुमचे निम्मे उत्तर आहे.

बगलेत हात घालण्याची लढाई वेगळी. ज्याचा हात समोरच्याच्या बगलेतून खांद्यामागे गेला, त्याच्याकडे वरच्या डावांची किल्ली. तुमचा हात आत असेल तर त्याचा खांदा वर उचलून ठेवा. त्याचा हात तुमच्या बगलेत असेल तर त्याच्यावरून हात लपेटून घट्ट दाबा आणि कंबर मागे घ्या. त्याचा हात आत आणि तुमची कंबर पुढे, अशा स्थितीत ढाक लावायचा विचारही करू नका. तो तुमच्या मागे गेलाच समजा.

## टप्पा ३: चार खुणा वाचा

डोके. त्याचे डोके तुमच्या डोक्यापेक्षा वर असेल तर पट. कपाळ त्याच्या कानशिलाला किंवा गालाला लागलेले असेल तर फारच उत्तम. त्याचे डोके तुमच्यापेक्षा खाली असेल तर पट सोडून द्या. मान खाली खेचा, छातीचे वजन त्याच्या मानेवर टाका आणि गोल फिरून मागे जा.

पाय. एक पाय पुढे आणि तुमच्या हाताजवळ असेल तर एकेरी पट. दोन्ही पाय एका रेषेत आले असतील, जे बाजूला सरकताना क्षणभर होतेच, तर दुहेरी. पाय फार रुंद टाकून बसला असेल तर आतली टांग किंवा आतल्या बाजूने एकेरी. पाय लांब मागे टाकून कंबरेत वाकला असेल तर पुन्हा मान खेचा.

वजन. ढकलत येतोय का मागे सरतोय? ढकलणाऱ्याचे वजन पंजांवर असते. त्याला त्याच दिशेने घेऊन जायचे, म्हणून ढाक, धोबीपछाड, दस्ती. मागे सरणाऱ्याचे वजन टाचांवर असते. त्याचे पाय हलके नसतात पण छाती उघडी असते आणि त्याला पाय पटकन मागे टाकता येत नाहीत. म्हणून दुहेरी पट घेऊन सरळ पुढे चालत जा. मागे सरणाऱ्यावर ढाक लावणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. तुम्ही पाठ फिरवता आणि तो आधीच लांब गेलेला असतो.

कोपर. चारांत मला कोपर सर्वांत भरवशाचे वाटते. डोके आणि पाय फसवायला वर-खाली करता येतात. कोपर मात्र तो स्वतः काहीतरी करायला गेल्याशिवाय फासळ्यांपासून सुटत नाही. तुमच्या मानेवर हात टाकायला त्याने कोपर उचलले की त्याच बगलेखालून बगलडूब, किंवा तो हात धरून कलाजंग. बगलेत हात घालायला त्याने कोपर पुढे नेले की एकेरी पट. कोपरे फासळ्यांना चिकटलेली असतील तर पायही नाही आणि वरचे अंगही नाही. परत दुसऱ्या टप्प्यावर जा आणि त्याला हलवा.

खुणा एकमेकींविरुद्ध गेल्या तर काय? समजा डोके वर आहे, म्हणजे पट. पण तो जोरात ढकलतोय, म्हणजे वरचा डाव. अशा वेळी वजनाचे ऐका. ढकलणाऱ्यासमोर पट काढलात तर त्याचे वजन तुमच्या पाठीवर येईल. आधी एक पाऊल बाजूला घेऊन त्याचा ढकलण्याचा जोर वाया घालवा. त्यानंतर तो सरळ होतो, तेव्हा पट.

> तपासा: जोडीदाराला हळू हलायला सांगा. वस्तादांनी टाळी वाजवली की दोघांनी थांबायचे आणि तुम्ही मोठ्याने सांगायचे: पट, वरचा डाव, की काहीच नाही. दहापैकी निदान तीन-चार वेळा उत्तर ‘काहीच नाही’ यायला हवे. प्रत्येक वेळी डाव दिसत असेल तर तुम्ही अजून ठरवूनच पाहताय.

## टप्पा ४: जागा उघडत नसेल तर उघडायला लावा

चांगला पैलवान खुणा देत बसत नाही. त्या काढून घ्याव्या लागतात, आणि यात एकच गोष्ट कायम चालते: माणूस ज्या दिशेने ढकलला जातो, तिच्या उलट जोर लावतो.

मान खाली खेचा. तो डोके वर उचलेल. उचलताना पाय सरळ होतात आणि मांड्या उघड्या पडतात, तेव्हा एकेरी पट. खेच खोटी असेल तर तो डोके उचलत नाही, म्हणून खेच मनापासून हवी, जणू त्याला खरेच तोंडावर पाडायचे आहे. पुढे ढकला. तो परत ढकलेल. त्याचा जोर लागला की हात ओढा किंवा कंबर आत घाला. पटाला हात खाली नेल्यासारखे करा. तो कंबर मागे घेऊन हात खाली आणेल. हात खाली आले की मान मोकळी झाली.

इथली चूक म्हणजे घाई. पोरे खेचतात आणि त्याच श्वासात पट काढतात, त्याने डोके उचलायच्या आधीच. खेच, एक क्षण थांबा, हाताखाली त्याची मान वर येताना जाणवू द्या, मग खाली जा. हा क्षण शिकवता येत नाही, शेकडो वेळा करूनच अंगात येतो.

## टप्पा ५: पट ठरला, तर हा क्रम

१. आधी खाली या, मग पुढे जा. खाली येणे गुडघ्यांतून. कंबरेत वाकून नाही. पाठ सरळ, छाती पुढे, नजर वर.

२. पुढचा पाय त्याच्या दोन पायांमध्ये खोल टाका. गादीवर त्याच पायाचा गुडघा टेकवून सरकवा आणि मागचा पाय लगेच ओढून घ्या. गुडघा टेकून बसू नका. तिथे बसलेला पैलवान म्हणजे समोरच्याला आयता ताबा.

३. डोके त्याच्या अंगाला चिकटवा. दुहेरीत कान फासळ्यांना, डोके बाहेरच्या बाजूला. एकेरीत शक्यतो डोके आत, छातीला टेकलेले, आणि कपाळाने वर रेटा. डोके लोंबले की मान त्याच्या हातात गेली.

४. हात गुडघ्यांच्या मागे, कोपरे आत. घोटा धरायला हात लांबवू नका.

५. दिशा बदला. सरळ आत गेलात तर सरळ ढकलत राहू नका, कोपऱ्याकडे वळा. एकेरीत पाय छातीला लावून उभे राहा आणि खांद्याने मांडीवर खाली दाब देत मागे गोल फिरा. नुसता पाय धरून ओढत राहिलात तर तो एका पायावर उड्या मारत रिंगण पार करेल, आणि तुमचे हात दमतील.

त्याने पाय मागे टाकून वजन दिले तर खाली तग धरत बसू नका. आपला एक पाय लगेच जमिनीवर रोवा, डोके वर काढा, दुहेरी पटावरून एकेरीवर या किंवा बाजूने बाहेर पडा. दोन श्वासांत यातले काहीच झाले नाही तर पाय सोडून उभे राहा. पट सोडायला शिकणे हेही पट शिकण्यातच येते, आणि पोरांना तेच सर्वांत जड जाते.

> सावधान: पाय रोवलेला असताना गुडघ्यातून पिळू नका, तुमचाही आणि त्याचाही. मातीत पाय रुततो आणि गुडघा फिरतो तो इथेच. पाय आधी जमिनीवरून सुटू द्या, मग वळा.

## टप्पा ६: वरचा डाव ठरला, तर हा क्रम

ढाक घेऊन सांगतो, कारण फसते ती हीच.

१. पकड पूर्ण करा. एक हात त्याच्या कोपराच्या वर, दंडाला घट्ट. दुसरा हात मानेभोवती, पण त्याचा एक हात त्या विळख्यात हवाच. हात न घेता दोन्ही हातांनी नुसती मान आवळणे गादीवर नियमबाह्य आहे आणि तालमीतही धोक्याचे.

२. आधी ओढा. त्याचे वजन पंजांवर आले, टाचा हलक्या झाल्या, हे हातात जाणवले पाहिजे. ही पायरी गाळली की पुढचे काहीच चालत नाही. दहापैकी नऊ फसलेल्या ढाका मला इथे अडलेल्या दिसतात.

३. पाय त्याच्या पायांमध्ये टाका, गुडघे वाकवा, आणि कंबर त्याच्या कंबरेच्या खाली व थोडी पलीकडे न्या. तुमची कंबर त्याच्यापेक्षा वर राहिली तर तुम्ही त्याला उचलणार नाही, तो तुम्हाला उचलेल.

४. गुडघे सरळ करत, नजर आणि डोके फेकीच्या दिशेला वळवत त्याला फिरवा. दंडाची ओढ शेवटपर्यंत सोडू नका.

५. त्याच्यासोबत खाली या आणि छाती त्याच्या छातीवर ठेवा. फेकून मोकळे झालात तर तो उलटून तुमच्यावर येतो.

कंबर आत गेली नाही असे कळले, तर त्याच क्षणी मानेवरचा हात सोडून समोर या. अर्धवट फिरलेल्या अवस्थेत जोर लावत राहणे म्हणजे त्याला पाठ भेट देणे.

टांगेत कंबर इतकी खोल लागत नाही, म्हणून बगलेत हात असलेल्या, उंच पैलवानाला ती सोपी जाते. मिठीतून मागे फेकायचे असेल तर एकच पाहा: तुमची कंबर त्याच्या कंबरेखाली आहे का. नसेल तर मिठी सोडा. कलाजंगाला हात पक्का धरलेला हवा आणि खांदा पोटाखाली पूर्ण जायला हवा. डोके त्याच्या बगलेखालून बाहेर आलेले नसेल तर तो वरून वजन देऊन तुम्हालाच दाबतो.

## टप्पा ७: दोन्ही जोडा

इथपर्यंत पट आणि वरचे डाव वेगळे धरले, ते शिकण्याच्या सोयीसाठी. लढतीत एक फसला की त्याच हालचालीतून दुसरा निघतो. ज्याच्याकडे फक्त पट आहे, त्याच्यासमोर कोणीही कंबर मागे घेऊन, डोके खाली ठेवून उभा राहू शकतो. ज्याच्याकडे फक्त ढाक आहे, त्याच्यापासून कोणीही लांब राहू शकतो. दोन्ही भीती एकदम वाटली की समोरच्याचा पवित्रा बिघडतो.

या तीन जोड्या बसवा, बाकीच्या आपोआप सुचतील:

- एकेरी पट धरला, तो वरून हात लपेटून एका पायावर उभा राहिला: पाय धरूनच उभे राहा आणि उभ्या पायाला टांग लावा.
- बगलेत हात घातला, त्याने तो हात दाबून छाती खाली आणली: लगेच खाली जाऊन जवळचा पाय घ्या.
- दुहेरी पट घेतला, त्याने कंबर मागे नेली पण तुम्ही उभे राहू शकलात: हात पायांवरून सरकवत कंबरेला मिठी घ्या आणि मागे फिरा.

तिसरी जोडी मातीत फार उपयोगी पडते. पट रुतला तरी मिठी मिळते.

## टप्पा ८: गुणफलक आणि घड्याळ पाहून निवड बदला

मोठ्यांची गादीवरची कुस्ती ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. शेवटच्या मिनिटात तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलेला डावही चुकीचा ठरू शकतो.

दोन गुणांनी पुढे आहात आणि अर्धा मिनिट उरले आहे: ढाक नाही. फसली तर २ गुण आणि ताबा दोन्ही जातात. मनगट धरा, मान जड करा, आणि पाय समोर आला तरच एकेरी पट.

तीन गुणांनी मागे आहात आणि वेळ थोडा आहे: एका पटाने भागत नाही. आता तो मागे सरणार आणि तुम्हाला फेक हवी. मागे सरणाऱ्यावर फेक बसत नाही, हे तिसऱ्या टप्प्यात सांगितले. म्हणून पटाने त्याला रिंगणाच्या कडेला न्या. कडेवर पाय बाहेर पडू नये म्हणून तो पुढे ढकलेल, आणि त्या ढकलण्यावर वरचा डाव. बाहेर गेला तरी १ गुण हाती.

बरोबरीचा हिशेब पुष्कळांना ठाऊक नसतो. गुण समान झाले तर आधी पाहतात सर्वांत मोठ्या गुणाचा डाव कोणाचा, मग इशारे कोणाला कमी, मग शेवटचा गुण कोणाचा. म्हणजे ४-४ मध्ये एकाच फेकीचे ४ घेणारा, दोन पटांचे २-२ घेणाऱ्यावर जिंकतो. तुम्ही पटांवर ४ केले असतील आणि त्याने एका फेकीवर, तर तुम्ही मागे आहात. हे मध्यंतरातच पोराच्या कानावर घाला.

निष्क्रियतेबद्दल ३० सेकंदांची मुदत तुमच्यावर लागली तर लांबून हताश पट काढू नका. तेवढ्यात कोणीच गुण घेतला नाही तर १ गुण जातो. घाईच्या पटात २ जातात. त्या ३० सेकंदांत दुसरा आणि चौथा टप्पा करायला पुरेसा वेळ असतो.

## इतर खेळांत जाणाऱ्यांसाठी थोडेसे

ग्रीको-रोमनमध्ये कंबरेखाली पकड आणि पायांचा वापर दोन्ही बंद, तिथे निवड फक्त वरच्या डावांमधली. ज्युदोत २०१० पासून थेट पाय धरण्यावर बंधने आली, म्हणून तालमीतली पोरे तिथे गेली की आधी पट विसरावा लागतो. जिउ-जित्सू किंवा मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये पट चालतो, पण तिथे गळा आवळण्याची मुभा आहे. कुस्तीत चालून जाणारे लोंबलेले डोके तिथे सामना संपवते. डोके वर आणि अंगाला चिकटलेले, हा नियम तिथे दुप्पट पाळा.

## चार आठवड्यांचा सराव

पहिल्या आठवड्यात फक्त खडाखडी, डाव टाकायचा नाही. दीड मिनिटाची फेरी. मनगट, मान आणि बगल कोणाच्या हाती जास्त वेळ राहिली ते वस्तादांनी सांगायचे. पोरे कंटाळतात, तरी हा आठवडा गाळू नका.

दुसऱ्या आठवड्यात जोडीदाराने एकच खूण द्यायची (ढकलणे, मागे सरणे, डोके वर, कोपर वर) आणि तुम्ही त्यालाच साजेसा डाव टाकायचा, अर्ध्या जोराने. तिसऱ्यात जोडीदार न सांगता खुणा बदलेल. चुकीचा डाव टाकला तर तो थांबवून सांगेल, पण तुम्हाला पाडणार नाही. चौथ्यात पूर्ण जोराच्या लढती, ३०-३० सेकंदांच्या, प्रत्येकीआधी गुणफलक सांगून: ‘दोनाने मागे, कडेजवळ’, ‘एकाने पुढे, मुदत तुझ्यावर’.

जोडीदार बदलत राहा. एक उंच, एक बुटका, एक डावखुरा, एक तुमच्यापेक्षा जड. एकाच जोडीदाराशी महिनाभर लढलात तर तुम्ही त्याच्या सवयी शिकता, खुणा नाही.

लढत झाली की वहीत तीनच ओळी लिहा: कोणता डाव टाकला, त्या क्षणी त्याचे डोके, पाय, वजन, कोपर कुठे होते, आणि डावाआधी तुमचा हात कुठे होता. दुसरी ओळ आठवत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वस्तादांना दाखवा. पुढचा सराव कुठून सुरू करायचा हे त्या रिकाम्या जागेवरून ते ठरवतील.